बेदाण्याच्या जिल्ह्यानं बेदाणा दाखवावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मध्यंतरी जिल्ह्याच्या पर्यटनावर वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांचं रडगाणं एकच. कोल्हापूरला अंबाबाई आहे, साताऱ्याला कास आणि महाबळेश्वर आहे, मग सांगलीकरानं पाहुण्याला दाखवायचं काय? गणपतीला नेऊन आणलं, भडंगाचा पुडा हातात दिला की झालं. त्यावर उपाय म्हणून कुणी रोप-वे मागितला, कुणी काचेचा पूल. मी साधा द्राक्षबागायतदार, पर्यटनातलं मला फारसं कळत नाही. पण लेक आणि जावई मेलबर्नला असल्यामुळं ऑस्ट्रेलियातली आडबाजूची गावं हिंडायचा योग आला. त्या गावांत बघण्यासारखं आपल्यापेक्षा कमीच आहे. किल्ला नाही, लेणं नाही, हजार वर्षांचं देऊळ नाही. तरी सुट्टीच्या दिवशी लोक तीन-तीन, चार-चार तास गाडी हाकत तिथं जातात आणि पैसे खर्च करून येतात. त्यांना तिथं काय दाखवतात, त्यासाठी हे पत्र.

सिडनीचं ऑपेरा हाऊस आपल्याकडं कॅलेंडरवरसुद्धा असतं, त्याबद्दल मी लिहीत नाही. मी लिहितोय मिल्ड्युराबद्दल, कारण ते आपल्या धंद्याचं गाव आहे. तिकडं सुलताना म्हणतात ती द्राक्षं म्हणजे आपली थॉमसन. आपल्या तासगावची 'तास-ए-गणेश' ही त्याच थॉमसनमधून निवडलेली जात. मेलबर्नपासून मिल्ड्युरा साडेपाचशे किलोमीटर. अर्ध्याहून जास्त वाट नुसती सपाट. गव्हाची रानं, मॅली नावाची निलगिरीची खुरटी झुडपं आणि रेल्वेरुळाच्या कडेनं धान्याचे काँक्रीटचे उंचच उंच सायलो. जावईबापूंनी मुद्दाम वाट वाकडी करून ब्रिम नावाच्या खेड्यातून गाडी काढली. वस्ती दोनशेसुद्धा नाही. तिथले सायलो वापरात नव्हते. २०१६ साली एका चित्रकारानं त्यांवर चार शेतकऱ्यांची चित्रं काढली, सायलोच्या पूर्ण उंचीची. टोपी घातलेला, उन्हानं रापलेला, पाऊस न पडल्यावर माणूस जसा उभा राहतो तसा उभा असलेला शेतकरी. ते बघायला इतके लोक यायला लागले की आसपासच्या पॅचेवोलॉक, लॅसेल्स, शीप हिल्स, रुपनयप या खेड्यांनीही आपापले सायलो रंगवून घेतले. आता त्या सगळ्यांचा मिळून दोनशे किलोमीटरचा फेरफटका होतो. शीप हिल्सच्या सायलोवर तिथल्या मूळनिवासी वडीलधाऱ्यांचे आणि मुलांचे चेहरे आहेत. आपल्याकडं चौकाचौकांत एवढ्या उंचीवर कुणाचे चेहरे टांगलेले असतात हे वाचकांना सांगायला नको. त्यात बागायतदाराचा चेहरा मी अजून बघितलेला नाही, त्यातून वाढदिवस नसताना तर नाहीच.

मिल्ड्युराचा जन्म पाण्याच्या पंपातून झाला. १८८० च्या दशकात व्हिक्टोरिया प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तिथले एक मंत्री आल्फ्रेड डीकिन १८८५ साली कॅलिफोर्नियाची बागायत बघायला गेले. तिथं त्यांना जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे मूळचे कॅनडाचे दोघे भाऊ भेटले. या भावांनी कोरड्या रानात पाणी खेळवून गावं वसवली होती. त्यांच्याशी करार होऊन १८८७ मध्ये मरे नदीकाठी मिल्ड्युराची वसाहत सुरू झाली. नदी खाली, रान वर. म्हणजे प्रश्न आपलाच. जॉर्ज चॅफींनी स्वतः पंपांचा आराखडा केला, इंग्लंडात ते बनवून आणले आणि वाफेच्या इंजिनावर नदीचं पाणी उचलून पाटात सोडलं. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या आपल्या उपसा योजनांचा तो पणजोबाच. साईकी बेंड नावाच्या वळणावरचं १८९१ चं पंपघर अजून उभं आहे आणि हौशी मंडळी ते इंजिन अधूनमधून वाफेवर चालवूनही दाखवतात. हेच डीकिन १८९० च्या सुमारास हिंदुस्थानातले कालवे बघायला आले होते, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पुढं ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पुढं चॅफी बंधूंचं दिवाळं वाजलं आणि मला तीच बाजू जास्त आवडली. बँका बुडण्याचा काळ होता, लोकांकडं पैसा उरला नव्हता. पाट कच्चे, त्यातून पाणी झिरपायचं. नदीला पाणी कमी झालं की आगबोटी अडकायच्या, मग ताजी द्राक्षं वाटेतच नासायची. रेल्वे आली ती थेट १९०३ मध्ये. त्याआधीच १८९५ साली कंपनी मोडीत निघाली, सरकारी चौकशी बसली आणि जॉर्ज अमेरिकेला निघून गेले. विल्यम मात्र राहिले. ज्या लोकांचे पैसे अडकले त्यांच्याच गावात राहिले, बाग लावली, सुकवलेल्या फळांचा धंदा उभा करायला हातभार लावला. १९२० मध्ये त्याच गावाचे ते पहिले महापौर झाले. त्यांचा 'रिओ व्हिस्टा' हा १८८९ चा बंगला आता लोकांना बघायला खुला आहे. बैठकीच्या खोलीतला थाटमाट दाखवतात आणि कर्जाची कहाणीही सांगतात. आपल्याकडं एखादी सहकारी संस्था बुडाली तर आपण तिची पाटीसुद्धा काढून टाकतो. मिल्ड्युरात आपण कसे बुडालो हे पोरांना शिकवतात.

मला खरा रस होता तो रॅकमध्ये. सुलताना वाळवायचे जुने रॅक रस्त्यावरूनच दिसतात. लाकडी खांब, वर पत्रा, मध्ये तारेच्या जाळीचे आठ-दहा थर, बाजू उघड्या. गाडी थांबवायला लावून मी खाली उतरलो. एका म्हाताऱ्या बागायतदारानं आत बोलावलं. भाषेची अडचण होती, लेक मध्ये बोलत होती, पण जाळीवर हात फिरवल्यावर आम्हां दोघांनाही फार बोलावं लागलं नाही. ते म्हणाले, आम्ही पोटॅश आणि तेलाच्या द्रावणात घड बुडवून काढतो. त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि महिनाभर लागणारं वाळवण दहा-पंधरा दिवसांवर येतं. मी म्हटलं, आम्हीही तेच करतो. लिटरला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑइल. आपल्या द्राक्ष संशोधकांच्या पुस्तिकांत हे द्रावण ऑस्ट्रेलियाच्याच नावानं छापलेलं असतं. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात हजारो शेडवर दरवर्षी जे टब भरतात, त्यामागची विद्या अशा रॅकांवरून आलेली आहे. आपण शेडनेटच्या सावलीत वाळवतो म्हणून माल हिरवा राहतो, त्यांचा उघड्यावर सोनेरी होतो. हंगामसुद्धा जवळजवळ तोच, फेब्रुवारी-मार्च. फरक इतकाच की आपल्याकडं तेव्हा उन्हाळा लागतो आणि त्यांचा सरत आलेला असतो. वाळवणात पाऊस आला तर काय, असं विचारल्यावर त्यांनी आभाळाकडं बघून हात जोडले. तेवढ्यापुरता मला तो माणूस मणेराजुरीचाच वाटला. आता तिकडं बरेच जण वेलीवरच काडी कापून, वरून द्रावण फवारून, मणी वेलीवरच वाळू देतात आणि यंत्रानं काढतात. त्यामुळं रॅक रिकामे पडलेत. तरी सगळ्यांनी ते मोडून टाकलेले नाहीत.

मिल्ड्युराच्या दक्षिणेला रेड क्लिफ्स म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना जमिनी देऊन ते वसवलं. गावात मध्यभागी 'बिग लिझी' नावाचं धूड उभं आहे. पंचेचाळीस टनांचा ट्रॅक्टर, चाकांना सुट्या फळ्यांची पावलं बसवलेली. फ्रँक बॉट्रिल या कारागिरानं तो मेलबर्नला बनवला. ब्रोकन हिलच्या खाणींकडं उंटांवरून चालणारी वाहतूक यंत्रावर न्यायची अशी त्याची योजना होती. वेग तासाला तीनेक किलोमीटर, म्हणजे आपल्या पायी दिंडीपेक्षाही कमी. मरे नदीशी पोचला तर नदीला पूर. पलीकडं जाणं झालंच नाही, ब्रोकन हिल राहिलंच. मग याच ट्रॅक्टरनं रेड क्लिफ्सच्या सैनिकांच्या जमिनीतली झुडपं मुळासकट उपटून रान मोकळं केलं. नंतर तो दूरच्या एका शेतात वर्षानुवर्षं गंजत पडला होता. गावकऱ्यांनी १९७१ मध्ये तो परत आणला. आमच्या सौभाग्यवती त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "आपल्या गावात असता तर भंगारवाल्यानं किलोवर कधीच नेला असता." खोटं कसं म्हणू? आमच्याच वस्तीवरचं जुनं ऑइल इंजिन असंच गेलंय.

नदीकाठच्या एचुका गावाबद्दल थोडं लिहितो, कारण सांगलीला ते जवळचं वाटेल. हेन्री हॉपवूड या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यानं इथं तराफ्यानं लोकांना पलीकडं सोडायचा धंदा मांडला आणि त्याभोवती गाव झालं. १८६४ मध्ये मेलबर्नहून रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी धक्का बांधला गेला. लोकरीच्या गाठी आगबोटीनं यायच्या आणि इथं रेल्वेत चढायच्या. धक्का तांबड्या निलगिरीच्या लाकडाचा आणि तोही मजल्यामजल्यांचा. नदीचं पाणी उन्हाळ्यात एवढं खाली आणि पुरात एवढं वर जातं की एकाच उंचीवर माल उतरवणं शक्यच नव्हतं. कधीकाळी तीनशे मीटरांहून लांब असलेल्या त्या धक्क्याचा थोडाच भाग आता शिल्लक आहे, पण लोक त्याच्या खालच्या मजल्यावर उतरून खांब बघतात. 'अॅडलेड' नावाची १८६६ ची लाकडी आगबोट अजून पाण्यात चालते. आपल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला १९२९ पासून दर पावसाळ्यात सगळा जिल्हा विचारत असतो, पाणी किती फुटांवर? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका हे शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला सत्तावन्न फूट ओलांडले. त्या पुलाजवळ उभं राहून २००५, २०१९ आणि २०२१ ची पाणीपातळी कुठं होती हे पाहुण्याला नीट दाखवेल अशी एक जागा आपण केली असती, तर त्याला सांगली पाच मिनिटांत कळली असती.

पुराचाच विषय निघाला म्हणून गंडगाई. मेलबर्न-सिडनी हमरस्त्यावरचं हे गाव. मूळ गाव मरंबिजी नदीच्या पूरपट्ट्यातच आखलं होतं. मूळनिवासी लोकांनी गोऱ्यांना बजावलं होतं, इथं पाणी येतं. त्यांनी ऐकलं नाही. जून १८५२ मध्ये एका रात्री पाणी आलं, ऐंशीच्या आसपास माणसं गेली. यारी आणि जॅकी जॅकी या दोघा विराजुरी माणसांनी इतरांच्या साथीनं झाडाच्या सालीच्या होड्यांतून साठ-सत्तर जणांना वाचवलं. गाव नंतर टेकाडावर हलवलं. पण त्या दोघांचा पुतळा उभा राहायला २०१७ उजाडलं. म्हणजे तिकडंही सगळं आलबेल आहे असं नाही. बऱ्याच गावांचा इतिहास 'अमुक साली पहिला गोरा आला' इथूनच सुरू व्हायचा. मिल्ड्युरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मंगो नावाचं कोरडं तळं आहे. तिथं १९६८ आणि १९७४ साली सापडलेले मानवी अवशेष चाळीसेक हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यापुढं चॅफींची सव्वाशे-दीडशे वर्षं ती काय?

ग्लेनरोवन हे गाव मला पटलं नाही, तेही लिहितो. नेड केली या दरोडेखोरानं १८७८ मध्ये तीन पोलिसांना गोळ्या घातल्या, १८८० मध्ये नांगराच्या लोखंडाचं चिलखत घालून इथं शेवटची लढाई केली आणि त्याच वर्षी मेलबर्नला फाशी गेला. गावात त्याचा मोठा थोरला रंगीत पुतळा, दुकानादुकानांत त्याच्या चिलखताचे कप. बाजार म्हणतात तो हाच. पण घरी परतताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, दोघं त्यात हुतात्मा झाले. त्याच वर्षी जूनमध्ये शेणोलीला प्रतिसरकारच्या लोकांनी सरकारी खजिन्याची रेल्वे अडवली. सांगलीचा तुरुंग ते शेणोली हे अंतर एका दिवसात सहज होणारं आहे. मध्ये कुंडल लागतं, किर्लोस्करवाडी लागते. कुठं काय घडलं हे सांगणारा माणूस बरोबर असेल तर यापेक्षा थरारक दिवस महाराष्ट्रात दुसरा कुठं मिळेल?

आणि माणूस हीच खरी अडचण आहे. तिकडच्या लहान गावातली संग्रहालयं बहुतेक निवृत्त माणसं चालवतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस उघडी, दाराशी दानपेटी, आत एखादे आजोबा किंवा आजी. जुनी शिलाई मशीन, मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्या, शाळेची हजेरीपुस्तकं, युद्धावर गेलेल्यांची नावं. काचेच्या कपाटांवर धूळ असते, पाट्यांचे कोपरे उचकटलेले असतात. पण विचारलं की सांगणारा समोर असतो. त्याला कुणाचा जी.आर. लागलेला नाही.

आता आपल्याकडं बघा. हरिपूरच्या हळदीच्या पेवांची बात मी बाहेरच्या कुणाला सांगितली की त्याचा विश्वास बसत नाही. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र ऐसपैस. आत कडेनं पाला आणि काड लावायचं, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. वर्ष-दोन वर्षं हळदीला कीड नाही की रंगात फरक नाही, कारण तिथली मातीच तशी. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते. कंदील आत सोडायचा, तो जळत राहिला तरच हमाल उतरणार. या पेवांच्या जिवावर सांगलीचा हळदीचा बाजार देशात गाजला. २००५ च्या पुरात बरीचशी पेवं निकामी झाली आणि मग कोल्ड स्टोरेज आली. कुणी पेव परत वापरा म्हणत नाही. पण एखादं पेव साफ करून, आत दिवा आणि बाजूला शिडी लावून, त्यात उतरलेल्या एका म्हाताऱ्या हमालाला शेजारी खुर्ची दिली तर? हे हमाल आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. संगमेश्वराला येणारी गर्दी शंभर पावलांवर वळेल.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याला आकार देणारे हात अजून चालू आहेत, त्यांच्या सतारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हैसाळच्या पंपघरात शाळेची सहल नेऊन कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं जतकडं कसं चढतं हे दाखवता येईल. घराघरातून माणसं सैन्यात गेली म्हणून साताऱ्याकडच्या आपशिंगे गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लागतं, हे पुण्याच्या पोरांना ठाऊक नसतं. ऑस्ट्रेलियातल्या बॅलराट शहरात पहिल्या महायुद्धावर गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक झाड याप्रमाणं साडेतीन हजारांवर झाडं रस्त्याच्या दुतर्फा लावली. तेवढी जमीन आपल्याकडं नाही, मान्य. पण नावं तरी आहेत.

बेदाण्याचं तर मी स्वतःच सांगू शकतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तासगावच्या कुठल्याही रस्त्यानं जा, शेडवर माल पसरलेला असतो. बायका घड बुडवून जाळीवर टाकत असतात. सकाळी शेड, दुपारी बेदाण्याचे सौदे, संध्याकाळी तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर. एका दिवसाची सहल झाली. यासाठी कोटींचा आराखडा नको. शेडवाल्यांशी बोलून ठेवायचं, बायकांच्या कामात पाहुण्यांनी लुडबूड करायची नाही, आणि त्यांना वेळेचे पैसे द्यायचे, एवढा नियम पुरे. दर पडला की आम्ही रस्त्यावर येतो, तेव्हाही या पाहुण्यांनी यावं. मिल्ड्युराच्या लोकांनी दिवाळं दाखवलं, आम्ही दर दाखवू.

माझ्याकडं वडिलांच्या वेळची द्राक्षछाटणीची कात्री, पहिल्या बागेचे लाकडी मांडवाचे दोन खांब आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या बेदाण्याच्या पट्ट्यांची वही आहे. वहीत कुणाला किती माल कुठल्या दरानं गेला ते सगळं लिहिलेलं आहे, काही पानं वाळवीनं खाल्लीत. तासगावात कुणी एखादी खोली उघडणार असेल तर हे मी विनामोबदला द्यायला तयार आहे. आठवड्यातून दोन दुपारी तिथं बसून येईन, हंगाम सोडून. आणखी कुणाकडं जुने टब, तराजू, डिपिंगच्या कढया पडल्या असतील त्यांनी त्या विकू नयेत आणि आपल्या कार्यालयात कळवावं. तेवढी यादी आपण छापलीत तर पुढचं आम्ही बघू.

आपला नम्र,
एक द्राक्ष व बेदाणा उत्पादक,
ता. तासगाव, जि. सांगली